आईला कॅनडा सांगताना

चंद्रपूर

मी कॅनडाला गेलेली नाही. तरीही गेली कितीतरी वर्षं मी चंद्रपूरच्या एका कॉलेजात एम.ए.च्या मुलांना कॅनडाचं साहित्य शिकवते आहे. पेपर ऐच्छिक आहे, मुलं मोजकीच असतात. मार्चमध्ये वर्गातला पंखा गरम हवा खाली ढकलत असतो, खिडकीबाहेर निंबाखाली लावलेल्या मोटारसायकलींच्या सीटला हात लावता येत नाही, आणि मी फळ्यापुढे उभी राहून गोठलेल्या तळ्यावरून घरी चालत निघालेल्या माणसाची गोष्ट सांगत असते. दर वर्षी कोणीतरी विचारतंच, "मॅडम, तळ्यावरून चालत? अन् फुटलं त?" मी पुस्तकात वाचलेलं उत्तर देते. बर्फ मीही फ्रिजमध्येच पाहिला आहे.

तेव्हा हे वर्णन कॅनडाच्या प्रवासाचं नाही. चंद्रपूरहून निघून भामरागडच्या पुढे, नदीपलीकडच्या एका गावापर्यंत मी गेले आणि परत आले, त्याचं आहे. पण तो प्रवास घडला कॅनडामुळेच.

त्या वर्षी माझ्या वर्गात जैनी होती. माडिया घरातली मुलगी. सहा वर्षांची असताना आश्रमशाळेत आली, तिथून तालुक्याच्या वसतिगृहात, तिथून चंद्रपूरला. अंगानं बारीक, बोलणं कमी, पण एकदा वाचलेलं विसरत नसे. आमच्या अभ्यासक्रमात एक भाग आहे. त्या देशातल्या मूळच्या लोकांची लहान लहान मुलं घरातून उचलून दूरच्या निवासी शाळांत नेली, त्यांचे केस कापले, आपली भाषा बोलली म्हणून मारलं. आणि त्यातल्या काहींनी मोठेपणी ते सगळं लिहून काढलं. तो भाग शिकवला त्या दिवशी हळूहळू सगळ्यांच्या माना मागच्या बाकाकडे वळल्या.

"माह्याकडं काऊन पाहून राह्यले?" जैनी म्हणाली. "आमच्या शाळेत मले कोणी मारलं नाई. दोन टाइम जेवण भेटे. शाळा नसती त मी इथी नसती."

मुलं ओशाळली. मला मात्र, खरं सांगायचं तर, बरं वाटलं. मी घुग्घुसची, कोळशाच्या खाणीत पाळीवर जाणाऱ्या माणसाची मुलगी. आमच्या आजोबांनी धम्म घेतला तेव्हापासून आमच्या घरात शाळेइतकं पवित्र दुसरं काही नाही. शाळेनं आपल्याला माणूस केलं, हे ऐकत मी वाढले आणि ते खरंच आहे. त्यामुळे शाळेनं कोणाचं तरी काही हिरावून घेतलं, हे शिकवताना माझी जीभ दर वर्षी जराशी अडखळते.

तास संपल्यावर सगळे गेले आणि जैनी मागे थांबली.

"मॅडम, एक विचारू? मले कोणी मारलं नाई. तुही भाषा बोलू नको, असं पण कोणी म्हणलं नाई. तरी माही भाषा गेली. ते कसं?"

मी तिच्या शेजारच्या बाकावर बसले.

"समजते सगळं," ती पुढे म्हणाली. "बोलता येत नाई. म्हणजे येते, पण सहा वर्षांच्या पोरीचं येते. भूक लागली, पाणी दे, कडेवर घे. माही माडिया तिथीच थांबून गेली, मॅडम. मी मोठी झाली, ते नाई झाली."

मी पुस्तकं आवरली. त्या दिवशी आम्ही दोघी बसस्टँडपर्यंत सोबत चालत गेलो, पण त्या विषयावर पुन्हा बोललो नाही.

हिवाळ्यात तिनं एक अर्ज केला होता. कॅनडाच्या मधल्या सपाट मुलखातलं एक कॉलेज. तिथं मूळच्या लोकांचं साहित्य त्यांच्यातल्याच वयस्कर माणसांसोबत बसून शिकवतात. होळीच्या थोडं आधी कळवलं गेलं की वर्षभरासाठी तिची निवड झाली आहे. स्टाफरूममध्ये पेढे आले. ज्या देशाच्या नकाशावर मी इतकी वर्षं बोट ठेवत आले तिथं ही आता पाय ठेवणार होती. मला आनंदच होता, पण नुसता आनंद नव्हता. आणि जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं ती पेढा हातात धरून तशीच उभी.

"आईले सांगा लागन," जैनी म्हणाली.

"भावाला फोन कर. तो सांगेल."

"नाई. मी शाळेत गेली तेव्हाही आईले दुसऱ्यानंच सांगतलं होतं. या वखती मी सांगीन. माह्या तोंडानं." मग जरा थांबून म्हणाली, "तुम्ही चाला ना जी मॅडम माह्यासंग. तुम्ही असल्या त मी न सांगता पळून येणार नाई."

होळीच्या सुटीत आम्ही निघालो.

मूल, आष्टी, आलापल्ली

सकाळच्या बसनं मूल गाठलं तेव्हा ऊन अजून कोवळं होतं. स्टँडसमोरच्या गाड्यावर लाखोळीच्या डाळीचे वडे निघत होते. आम्ही उभ्यानंच खाल्ले. राईस मिलमधून येणारा कोंडा हवेत तरंगत होता आणि भिंतीवर वडशाकडच्या नाटकमंडळींची जुनी पोस्टरं फाटून लोंबत होती. नाटकांचा हंगाम सरत आला होता. जैनीनं वडा संपवला, हात पुसले आणि बसमध्ये चढल्यावर माझ्याकडे न बघता बोटांवर काहीतरी मोजायला लागली.

"काय करतेस?"

"शब्द पाहून राह्यली. कोणते कोणते हायेत माह्यापाशी."

वैनगंगेचा पूल येईपर्यंत तिच्यापाशी बरेच शब्द जमले होते. जंगल होतं, पाणी होतं, दूर होतं. समुद्र नव्हता, पण मोठं पाणी म्हटलं की चालेल. वर्ष म्हणायला ती 'या मोहापासून त्या मोहापर्यंत' म्हणणार होती, मोहाची फुलं वर्षातून एकदाच गळतात म्हणून. कॉलेज कॉलेजच. विमानाला काही सापडेना. आकाशातून जाते एवढंच सांगायचं ठरलं. मला हा खेळ आवडायला लागला होता. मी तिला नवनवे शब्द विचारत होते आणि ती खिडकीबाहेर बघून आठवत होती. बाहेर पळस पेटल्यासारखा फुलला होता.

चामोर्शीच्या पुढे तिची बोटं थांबली.

"आता काय अडलं?"

"'येईन' अडलं," ती म्हणाली. "मी आली, असं म्हणता येते. येतो म्हणता येते. परत येईन, हे कसं म्हणतात ते आठवून नाई राह्यलं. लहानपणी मले 'येईन' म्हणाचं काम पडलं नसन."

आष्टी सोडल्यावर रस्ता बदलतो. लोखंडाच्या दगडाचे ट्रक एकामागे एक येतात आणि झाडं रस्त्यापासून आत कितीतरी लांबपर्यंत धुळीनं लाल झालेली असतात. आमच्या घुग्घुसला दोरीवर वाळत घातलेलं धुणं काळं होतं, इथं लाल. एवढ्याच फरकानं मला ती वाट ओळखीची वाटली. आलापल्लीच्या अलीकडे बसचं चाक बसलं. ड्रायव्हरनं खाली उतरून चाकाला एक लाथ मारली, कंडक्टर म्हणाला, "चाला जी, सावलीत बसा, टाइम लागन," आणि सगळी बस सागाच्या झाडांखाली पसरली. सागाला त्या दिवसांत सावली नसते. वाळलेली पानं खाली आणि उघड्या फांद्या वर.

एक वयस्कर बाई आपल्या टोपलीशेजारी बसली होती. गोंडी बोलत होती. जैनीनं बराच वेळ तिच्याकडे बघितलं आणि शेवटी उठून तिच्याजवळ गेली. अर्धं मराठी, अर्धं माडिया करत 'येईन' कसं म्हणतात ते विचारलं. बाई हसली, एक शब्द म्हणाली. जैनीनं तो म्हणून बघितला. बाई पुन्हा हसली आणि मराठीत म्हणाली, "आमच्यात असं म्हणते पोरी. तुमच्या माडियाईत येगळं असन. तुह्या मायले विचार."

जैनी परत येऊन माझ्याशेजारी बसली. "मायले विचार म्हणते," ती म्हणाली आणि हसली, पण ते हसू टिकलं नाही.

मला माझी आई आठवत होती. मी पुण्याला शिकायला गेले आणि पहिल्या सुटीत घरी आले तेव्हापासून आई माझ्याशी जपून बोलायला लागली. वडिलांशी, शेजारणीशी तिचं 'मले-तुले' जोरात चालायचं, आणि मी दारात दिसले की ती थांबून 'मला' म्हणायची, पाहुण्यांसमोर साडीचा पदर नीट करावा तशी. मी तिला कधी काही बोलले नव्हते. तिनं आपणहून केलं ते. ती जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिनं माझ्याशी पुन्हा एकदा तरी मोकळं भांडावं, असं मला अजून वाटतं.

नदीपलीकडे

रात्री आलापल्लीला माझ्या एका मैत्रिणीकडे राहिलो आणि दुसऱ्या दिवशी भामरागड गाठलं. वाटेत चौकीवर नावं विचारली, कुठं चाललात विचारलं. जैनीनं सराईतपणे उत्तरं दिली. पुढं जीप, जीपच्या पुढं पायवाट. तिच्या गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिनंच तसं सांगितलं आहे.

नदी मार्चमध्ये अर्धी वाळूच असते. उरलेल्या पाण्यातून चालताना माझी चप्पल दगडात अडकली, पट्टा तुटला आणि एक चप्पल प्रवाहाबरोबर निघून गेली. दुसरी हातात घेऊन मी पलीकडे आले तेव्हा काठावर उभी असलेली एक तरुण बाई तोंडावर हात ठेवून हसत होती. जैनीची वहिनी, सोमी. तिनं स्वतःच्या चपला काढून मला दिल्या आणि आपण अनवाणी पुढे चालायला लागली. नको म्हणायला वेळच दिला नाही.

सोमी दहावीपर्यंत शिकलेली, मराठी छान बोलणारी. पुढच्या दिवसांत मला जे काही कळलं ते तिच्यामुळे. जैनीचे वडील काही वर्षांपूर्वी गेले. घरात आई, भाऊ आणि सोमी. भाऊ त्या वेळी रस्त्याच्या कामावर बाहेर होता.

मी मनात एक भेट रंगवून ठेवली होती. तसलं काही झालं नाही. जैनीची आई अंगणात मोहफुलं पसरत होती. तिनं मान वर करून मुलीकडे बघितलं, उठली, तिच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली आणि आत नेऊन ठेवली. मग पाण्याचा तांब्या आणून आधी मला दिला, मग तिला. "जोहार," मी म्हणाले. "जोहार," ती म्हणाली, आणि पुन्हा फुलांकडे वळली. आमच्याकडे दारात पाऊल टाकताच पहिला प्रश्न असतो, कधी निघाली, किती दिवस हाय? इथं मला कोणीच विचारलं नाही की मी कोण आणि कशाला आले. सोमीला मी त्याबद्दल म्हणाले तर ती म्हणाली, "आली म्हणजे काम असन. सांगनच ना मंग."

जेवायला भात आणि लाल मुंग्यांची चटणी होती. मी आधी बोटाच्या टोकावर घेऊन बघितली. कैरीसारखी आंबट, आणि मागून झणका. मग मी दोनदा मागून घेतली तेव्हा जैनीची आई पहिल्यांदा हसली आणि सोमीला काहीतरी म्हणाली.

"आई म्हणते, मॅडमले आपल्यातली सून करून ठेवू."

सगळ्या हसल्या. जैनीही हसली, पण एका क्षणानं उशिरा. तिला ते वाक्य समजायला तेवढा वेळ लागला होता. तिच्या आईनं ते पाहिलं. मीही पाहिलं.

दोघी मायलेकी एकमेकींजवळ असायच्या आणि बोलायच्या नाहीत. आई तिच्या केसांना तेल लावायची, पायाला काटा लागला का बघायची, ताटात भात वाढत राहायची. जैनी अंगणात सरपण आणून टाकायची. एकदा उन्हातून आल्यावर जैनी सहज म्हणाली, "येर." पाणी. तो एक शब्द इतका नीट, इतका बाळबोध आला की आई आतून जवळजवळ पळत तांब्या घेऊन आली. मुलगी पाणी पीत असताना ती तिच्या तोंडाकडे बघत राहिली, आणखी काही येतंय का म्हणून. काही आलं नाही.

"आज सांगू," जैनी मला रोज म्हणायची. आणि संध्याकाळी म्हणायची, "उद्या."

मोहाखाली

शेवटी तिनं सांगितलं ते मोहाखाली.

मोहाचे दिवस होते, सगळं गाव पहाटे झाडांखाली असायचं. झाडं घराघराची ठरलेली. खालची जमीन पाला जाळून झाडून ठेवलेली, तिच्यावर रात्रभर गळलेली फुलं पिवळसर मोत्यांसारखी पसरलेली. हवेत गोड, जड वास. "बोलत चाला जी," सोमी म्हणाली होती, "अस्वलालेही मोह आवडते." मी इतकी बोलत चालले की तिला हसू आवरेना.

जैनीची आई दोन्ही हातांनी वेचत होती. मी एक एक फूल उचलत होते. थोड्या वेळानं तिनं माझी टोपली उचलून माझ्या जवळ सरकवली आणि हात कसा चालवायचा ते दाखवलं. उजेड नीट आला नव्हता. जैनी आमच्याकडे पाठ करून बसली होती. आणि तशीच, मागं न वळता, तिनं बोलायला सुरुवात केली.

सोमी माझ्या कानाशी वाकली आणि हळू आवाजात सांगू लागली. "ती म्हणून राह्यली, मी दूर जातो. चंद्रपूरच्या पलीकडं. मोठ्या पाण्याच्या पलीकडं." मग सोमीनं ओठ दाबून हसू गिळलं. "म्हणते, पक्षी मले नेऊन राह्यला."

आईचे हात थांबले नाहीत.

"तिथी पण जंगल हाय म्हणते. तिथी पण आपल्यासारखे लोक हायेत. त्याईच्या पोराईले पण लहानपणी शाळेत नेलं. दूर. ते पोरं मोठे झाले, मंग त्याईनं त्याच्या गोष्टी लिहिल्या. ते गोष्टी मी वाचतो म्हणते. ह्या मॅडम शिकवते."

तेव्हा आईनं वर बघितलं, माझ्याकडे. मी फूल हातात धरून मान हलवली. आयुष्यभर मी ज्या विषयावर व्याख्यानं दिली तो विषय एवढ्या थोड्या शब्दांत मावलेला मी पहिल्यांदा ऐकत होते. त्यात कुठंही 'सांस्कृतिक ओळख' हा शब्द नव्हता.

जैनी बोलत होती. अडखळायची, थांबायची, मराठी शब्द तोंडाशी आला की तो गिळून दुसरा शोधायची. बसमध्ये जमवलेले शब्द एकेक करून खर्च होत होते. या मोहापासून त्या मोहापर्यंत, ती म्हणाली. मग 'येईन' पाशी ती अडकली. दोनतीन प्रकारे म्हणून बघितलं. आईनं मान खाली घालूनच तो शब्द बरोबर उच्चारला. जैनीनं तिच्यामागून म्हटला. आईनं पुन्हा म्हटला, जैनीनं पुन्हा.  तिच्यापाशी आणखी काही उरलं नव्हतं.

 मग आईनं एक प्रश्न विचारला. छोटाच होता. सोमीनं तो लगेच सांगितला नाही. मी तिच्याकडे बघितलं तेव्हा म्हणाली, "आई विचारून राह्यली, त्याईच्या पोरी परत आल्या का?"

जैनी वळली आणि माझ्याकडे बघायला लागली. वर्गात आम्ही हे सगळं वाचलं होतं. शाळेमागच्या जमिनीत पुरलेली मुलं, नाव नसलेल्या जागा. परीक्षेत त्यावर उत्तरही लिहिलं होतं. पण इथं, हाताला मोहाचा चिकट रस लागलेला असताना, मला त्यातलं काहीच उच्चारता येईना.

"काही आल्या," मी म्हणाले. "काही नाही आल्या."

जैनीनं ते आईला सांगितलं. सोमीची मदत न घेता. तेवढे शब्द तिच्यापाशी होते.

आई उठली. टोपली डोक्यावर घेतली. ऊन चढेल, असं काहीतरी म्हणाली आणि गावाकडे चालायला लागली.

घरी आल्यावर आई आणलेली फुलं अंगणात पसरायला लागली. मला वाटत होतं आपण उगाच आलो. ही मायलेकींची गोष्ट, आणि आपण मध्ये पाहुण्यासारख्या बसलो आहोत. संध्याकाळी जैनी अंगणात वाळणाऱ्या मोहाजवळ बसून एक एक फूल उलटं करत होती. "कॉलेजले येत नाई म्हणून कळवू का, मॅडम?" तिनं विचारलं. मी म्हणाले, "आईनं नाही म्हटलेलं नाही." "हो पण नाई म्हणली," ती म्हणाली.

जाय

दुसऱ्या दिवशी सकाळी मला निघायचं होतं. जैनीही माझ्याबरोबर परत यायची होती. तिनं पिशवी भरून दारात ठेवली होती.

आई चुलीशी बसून जावा ढवळत होती. तांदळाची आंबट पेज. सकाळी तीच पितात. आमच्याकडे पाठ होती. तशी पाठमोरीच ती बोलायला लागली. या वेळी ती बरंच बोलली. सोमी सुरुवातीला माझ्याजवळ होती. मग ती सांगायचं विसरली आणि नुसती ऐकत राहिली. जैनी दारात उभी होती. तिला किती समजत होतं कोण जाणे, पण तिच्या चेहऱ्यावरून मला कळत होतं की समजतंय.

बोलणं संपल्यावर सोमीनं मला सांगितलं. तिचा आवाज बसला होता.

"आई म्हणते, तू शाळेत गेली त्या दिवशी मी मोहाखाली होती. टोपली भरून घरी आली त तू नाई. तुह्या बापानं सांगतलं, गाडी आली होती, पाठवलं. पोरगी शिकन. मले कोणी विचारलं नाई. विचारलं असतं त मी पाठवलं असतं का नसतं, मले माहीत नाई. आजही माहीत नाई. पण कोणी विचारलं नाई. आता तू इतक्या दुरून मले विचाराले आली." सोमी थांबली. "म्हणते, जाय."

आईनं जावा वाळल्या भोपळ्याच्या तुंब्यात काढला आणि जैनीच्या हातात दिला. जैनी उभ्यानं प्यायली. अर्धा प्यायल्यावर ती खाली बसली, आईच्या अगदी शेजारी, आणि डोकं तिच्या खांद्यावर टेकवलं. आई दुसऱ्या हातानं चुलीतली लाकडं आत सारत राहिली.

मी आणि सोमी बाहेर अंगणात आलो. सोमीनं उगाचच मोह पसरायला घेतला. आधीच नीट पसरलेला होता.

जैनीनं दारातली पिशवी परत आत नेली. उन्हाळाभर ती इथंच राहणार होती. नदीपर्यंत मला पोचवायला ती एकटीच आली. सोमीच्या चपला अजून माझ्याच पायात होत्या.  वाळू लागल्यावर ती म्हणाली,

"मॅडम, एक सांगू? मी आईले विचारलं नव्हतं. मी फक्त सांगतलं होतं. जातो म्हणून. ते वाक्य माह्या तोंडून कसं निघालं मले माहीत नाई. काहीतरी चुकलं असन. तिले वाटलं मी विचारून राह्यली."

मी थांबले. "मग तू तिला तसं सांगितलंस का?"

"नाई." ती पाण्याकडे बघत होती. "काऊन सांगू?"

"आणि तिनं नको जाऊ म्हटलं असतं तर?"

जैनीनं जरा विचार केला. "विचारलं मंग ऐका लागते ना जी," ती म्हणाली. "नसती गेली."

पलीकडे जाऊन मी मागे बघितलं. ती परत फिरली होती, भरभर चालत होती. मोहाची वेळ टळू नये म्हणून असेल.

परतल्यावर

एकटीनं केलेल्या परतीच्या प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. आलापल्लीला मी नव्या चपला घेतल्या आणि सोमीच्या चपला कागदात गुंडाळून जीपवाल्याबरोबर पाठवून दिल्या. पावसाच्या आधी जैनी चंद्रपूरला आली ती उन्हानं काळवंडून आणि जरा अंगानं भरून. बोलणं वाढलं होतं. मराठी बोलता बोलता मध्येच ती थांबायची. कुठला शब्द आधी येतोय तेच तिला कळत नसे. ऑगस्टमध्ये ती गेली.

मी पुन्हा तोच पेपर शिकवते आहे. निवासी शाळांचा भाग आला की अजूनही अडखळते, पण आता वेगळ्या ठिकाणी. मुलं विचारतात, ती शाळा चांगली की वाईट, मॅडम? मी त्यांना म्हणते, आधी हे बघा की विचारलं कोणाला होतं.

जैनी अधूनमधून आवाज रेकॉर्ड करून पाठवते. क्लास आवडतो म्हणते. एक वयस्कर बाई त्यांची भाषा शिकवतात, त्यांच्या वर्गात ती पहिल्या बाकावर बसते. परवा, आपल्याकडे दिवाळी होऊन थंडी पडायला लागली होती तेव्हा, तिचा आवाज आला. आठवड्याच्या बाजाराला सोमी आईला घेऊन भामरागडला जाते आणि तिथून फोन लावते. त्याबद्दल ती सांगत होती.

"आई काईच बोलत नाई, मॅडम. नुसती 'बोल' म्हणते. मी बोलतो. भात खाल्ला म्हणतो. थंडी हाय म्हणतो. खोलीत एक पोरगी हाय, चांगली हाय. मी बरी हाय. मंग शब्द संपते. शब्द संपले का मी पह्यल्यापासून सुरू करतो. भात खाल्ला. थंडी हाय. आई थांबवत नाई."